फॉकनरने सोपे लिहिले असते, तर काय बिघडले असते?

समासातला वाचक:

विल्यम फॉकनर या अमेरिकन लेखकाइतका दुसरा कोणताही कादंबरीकार मला आवडत नाही. मात्र ही आवड कोणाला समजावून सांगायची वेळ आली की माझी पंचाईत होते. ‘अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम!’ ही त्याची १९३६ सालची कादंबरी मी नुकतीच पुन्हा वाचली आणि वाचनाची उत्तम गोडी असलेल्या एका मित्राला आग्रहाने वाचायला दिली. त्याने पहिली दोन प्रकरणे वाचून ती परत केली आणि एवढेच विचारले, की हीच गोष्ट साध्या, सरळ वाक्यांत सांगितली असती तर काय बिघडले असते?

प्रश्न रास्त आहे, कारण गोष्ट खरोखरच चार ओळींची आहे. १८३३ साली थॉमस सटपेन नावाचा, कुळाचा पत्ता नसलेला एक माणूस अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातल्या जेफर्सन या काल्पनिक गावी येतो, शंभर चौरस मैल जमीन पदरात पाडून घेतो, गुलामांच्या कष्टांवर हवेली उभी करतो आणि गावातल्या एका अब्रूदार घरातली मुलगी करतो. पुढे यादवी युद्ध संपता संपता, १८६५ साली, त्याचा मुलगा हेन्री आपल्याच बहिणीच्या वाग्दत्त वराला, म्हणजे चार्ल्स बॉनला, हवेलीच्या फाटकाशी गोळी घालतो. हा सांगाडा सुरुवातीच्या प्रकरणांतच आपल्या हाती पडतो. उरलेले सगळे पुस्तक त्याच घटनेभोवती फिरत राहते, आणि तेही कंसात कंस उघडणाऱ्या, ‘हे नव्हे, तेही नव्हे, तर ते’ असे म्हणत पुढे सरकणाऱ्या वाक्यांतून. त्यांतले एक वाक्य तर बाराशेहून अधिक शब्दांचे आहे.

मला या वाक्यांतून जाताना आनंद होतो, यात शंका नाही. पण तो केवळ अवघड कोडे सुटल्याचा आनंद आहे, की त्या वाक्यांवाचून हाती न लागणारे असे काही त्यात आहे? ज्यांनी फॉकनर सावकाश वाचला आहे, त्यांनी शक्य तर पुस्तकातल्या नेमक्या जागा दाखवून सांगावे. ‘शैली थोर आहे’ एवढ्याने माझ्या मित्राचे समाधान होणार नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही होत नाही.

उत्तररात्र:

मित्राच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याच लिखाणात आले आहे. खून कोणी केला, कोणाचा केला, कोठे केला, हे लेखक सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. म्हणजे वाचकापासून काही लपवण्यासाठी त्याने वाक्ये वाकडी केली आहेत, हा आरोप टिकत नाही. कादंबरीला पडलेला प्रश्न ‘का’ हा आहे, आणि ज्यांना त्याचे उत्तर ठाऊक होते त्यांपैकी कोणीही या पुस्तकात आपल्याशी थेट बोलत नाही.

बोलणारे कोण आहेत, ते पाहावे. रोझा कोल्डफिल्ड ही सटपेनची मेहुणी १९०९ सालच्या सप्टेंबरातल्या एका दुपारी, झडपा लावून घेतलेल्या खोलीत, क्वेंटिन कॉम्पसन या तरुणाला सगळी हकिकत सांगत बसते. या बाईने चार्ल्स बॉनला जिवंतपणी कधी पाहिलेले नाही आणि मेल्यावरही पाहिलेले नाही. त्याची शवपेटी खाली नेताना तिने हात लावला होता आणि आत खरोखरच कोणी आहे का, हे ती वजनावरून ताडू पाहत होती. त्यानंतर क्वेंटिनचे वडील बोलतात. त्यांचे सगळे ज्ञान त्यांच्या वडिलांकडून आलेले आहे. शेवटी १९१०च्या जानेवारीत, हार्वर्डमधल्या गोठून गेलेल्या खोलीत, क्वेंटिन आणि त्याचा कॅनडाहून आलेला मित्र श्रीव्ह तीच गोष्ट पुन्हा रचायला घेतात. श्रीव्हने तर दक्षिणेचा तो मुलूख डोळ्यांनी पाहिलेलाही नाही.

आता वाक्यांकडे वळू. क्वेंटिनचे वडील चौथ्या प्रकरणात एक कारण पुढे करतात: बॉनचे न्यू ऑर्लिन्समध्ये एका मिश्रवंशीय स्त्रीशी आधीच लग्नासारखे नाते होते आणि त्यांना मूलही होते, म्हणून हेन्रीने त्याला मारले. हे कारण मांडता मांडताच ते कबूल करतात की यातून काही स्पष्ट होत नाही. सगळी पात्रे आहेत, पत्रे आहेत, घटना आहेत, तरी काहीतरी निसटते आहे, असे त्यांचे त्यांनाच जाणवते. त्यांची वाक्ये लांबतात ती या जाणिवेमुळे. सोप्या वाक्यात लिहायचे तर ‘हेन्रीने बॉनला मारले, कारण’ असे लिहून त्यापुढे काहीतरी घालावे लागेल आणि पूर्णविराम द्यावा लागेल. तो पूर्णविराम देण्याचा अधिकार या पुस्तकात कोणालाच नाही. फॉकनरचे वाक्य आधी केलेले विधान मागे घेते, त्याला ‘कदाचित’ जोडते, कंसात दुसरी शक्यता उभी करते, आणि वाचकाला त्या सगळ्या शक्यता एकाच वेळी मनात धरून ठेवाव्या लागतात. मराठी वाचकाला क्रियापदासाठी वाक्याच्या टोकापर्यंत थांबायची सवय जन्मजात असते, त्यामुळे हे काम आपल्याला थोडे कमी जड जायला हरकत नाही. पण हे आपले विषयांतर.

नेमक्या जागा विचारल्या आहेत, म्हणून माझ्या सर्वांत आवडीच्या दोन देतो. वडिलांच्या सांगण्याप्रमाणे शायलोच्या, म्हणजे १८६२च्या एप्रिलमधल्या लढाईत बॉन जखमी झाला आणि हेन्रीने त्याला वाचवले. बऱ्याच पानांनंतर श्रीव्ह बेधडक सांगतो की हे उलटे आहे. जखमी हेन्री झाला होता आणि बॉनने त्याला उचलून आणले. त्याच्याजवळ याचा कसलाही पुरावा नाही. मात्र तोवर त्याला बॉनविषयी अशी काही माया वाटू लागली आहे, की त्याच्या मनातल्या बॉनने हेच करायला हवे होते. दुसरी जागा तसबिरीची आहे. ज्युडिथने, म्हणजे हेन्रीच्या बहिणीने, बॉनला आपली तसबीर धातूच्या डबीत घालून दिली होती. तो मेल्यावर त्या डबीत त्या दुसऱ्या स्त्रीची आणि मुलाची तसबीर सापडते. आधी ही गोष्ट बॉनच्या बेइमानीची खूण म्हणून येते. श्रीव्ह तिचा अर्थ पार उलटा करतो: आपण मेलो तर ज्युडिथला आपल्यासाठी शोक करावा लागू नये, आपण त्या योग्यतेचे नव्हतो असे तिला वाटावे, म्हणून बॉनने मुद्दाम तसबिरी बदलल्या. वस्तू एकच आहे, निकाल दोन आहेत, आणि लेखक कोणाच्याही बाजूने साक्ष देत नाही. भरभर वाचणाऱ्याला येथे तपशिलातली गफलत झाली असे वाटते. सावकाश वाचणाऱ्याला कळते की दोन मुलगे एका थंड खोलीत बसून इतिहास घडवत आहेत, आणि आपणही काही पानांपासून त्यांच्या कामाला हातभार लावत आहोत.

कोरा कागद:

‘उत्तररात्र’ यांनी दाखवलेल्या जागांबद्दल माझे दुमत नाही. तरी थोडा विरोधी सूर लावतो, कारण फॉकनरच्या चाहत्यांमध्ये त्याच्या प्रत्येक लांब वाक्याला अपरिहार्य ठरवण्याची एक खोड आढळते, आणि ती खुद्द फॉकनरवर अन्याय करते.

‘अ फेबल’ ही १९५४ सालची कादंबरी पाहावी. तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, तिच्यावर त्याने जवळजवळ दहा वर्षे खर्च केली, आणि तरीही तिच्यातली वाक्ये मला केवळ सवयीने लांबलेली वाटतात. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांची ती गोष्ट आहे. ख्रिस्ताच्या अखेरच्या आठवड्याचा साचा तिच्यावर बसवलेला आहे आणि काय घडणार याचा निवाडा लेखकाने आधीच करून टाकलेला आहे. जेथे कोणालाच कसली शंका नाही, तेथे शंकेसाठी घडवलेले वाक्य वापरले की नुसता घोष उरतो. म्हणजे ‘उत्तररात्र’ यांची कसोटी मला मान्य आहे, पण तिच्यावर घासले असता फॉकनरची काही पुस्तके कमअस्सल ठरतात, हेही मान्य करावे लागेल.

आणखी एक आक्षेप. ‘अ‍ॅब्सलम’मधली रोझा, क्वेंटिनचे वडील आणि श्रीव्ह ही वयाने, स्वभावाने आणि मुलखाने इतकी वेगळी माणसे, मग ती सगळी जवळपास एकाच आवाजात कशी बोलतात? एखाद्या नवख्या लेखकाने असे केले असते तर आपण त्याला पात्रांचे आवाज साधत नाहीत असेच म्हटले असते.

आणि एक उणीव शैलीशीच निगडित आहे. ‘द साउंड अँड द फ्युरी’चे (१९२९) चौथे प्रकरण डिल्सी या कृष्णवर्णीय मोलकरणीभोवती फिरते, परंतु तिच्या तिन्ही मालकपुत्रांना ‘मी’ म्हणून बोलण्याची जी संधी मिळाली ती तिला मिळत नाही. तेथे लेखक बाहेर उभा राहून तिचे वर्णन करतो. कोणाच्या मनात शिरायचे आणि कोणाच्या दाराशी थांबायचे, हा निर्णयही वाक्यरचनेइतकाच बारकाईने वाचायला हवा. १९५६ साली फॉकनरने वर्णभेदनिर्मूलनाच्या बाबतीत सबुरीचा सल्ला दिला, तेव्हा कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन यांनी त्याला लेख लिहून सडेतोड उत्तर दिले होते. तो लेख वाचल्यावर डिल्सीच्या दाराशी थांबलेला लेखक मला वेगळा दिसू लागला.

निळी शाई:

मित्राला ‘अ‍ॅब्सलम’ने सुरुवात करायला लावू नये. ‘अ‍ॅज आय ले डाइंग’ (१९३०) द्यावी. एकोणसाठ लहान लहान भाग आहेत, पंधरा निवेदक आहेत आणि प्रत्येक भागावर बोलणाऱ्याचे नाव आहे, त्यामुळे वाट चुकत नाही. एक भाग तर आईची शवपेटी तिरप्या सांध्यांची का केली याची सुतार मुलाने दिलेली तेरा कारणे, एवढाच आहे. तरीही सावकाश वाचणाऱ्यासाठी तेथे भरपूर काही आहे: आई प्राण सोडते त्या क्षणाचे वर्णन डार्ल हा मुलगा करतो, आणि त्या वेळी डार्ल घरात नसतोच, तो भावाबरोबर लाकडाची खेप घेऊन दूर गेलेला असतो. हे लक्षात येताच पुढच्या सगळ्या भागांत डार्लच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा, याचा विचार करावा लागतो.

उत्तररात्र:

‘कोरा कागद’ यांचा ‘अ फेबल’विषयीचा मुद्दा मला मान्य आहे. डिल्सीविषयीचाही, फारशी खळखळ न करता. आवाजांच्या बाबतीत मात्र पुस्तकच उत्तर देते. श्रीव्ह बोलत असताना क्वेंटिनच्या मनात येते की हा अगदी वडिलांसारखा बोलतो आहे. म्हणजे आवाज एकमेकांत मिसळल्याचे भान लेखकाला आहे आणि पात्रांनाही आहे. ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना माणूस सांगणाऱ्याचा सूरही उचलतो. क्वेंटिनला त्या मुलखाच्या गोष्टीतून सुटता येत नाही, याचे एक कारण त्याच्याजवळ वेगळा सूरच नाही, हे आहे. नवख्या लेखकाची उणीव आणि ही गोष्ट यांत एवढे अंतर निश्चित आहे.

ओळीओळींतून:

‘द साउंड अँड द फ्युरी’चा उल्लेख निघाला आहे, तर तिच्या पहिल्या प्रकरणाविषयी सविस्तर लिहितो, कारण अवघड गद्य काळजीपूर्वक वाचणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे, हे तेथे सर्वांत स्वच्छ दिसते. गंमत म्हणजे त्या प्रकरणातले एकही वाक्य अवघड नाही. बेंजी हा तेहेतीस वर्षांचा, बोलता न येणारा, मतिमंद मुलगा ते सांगतो. त्याची वाक्ये आखूड आहेत, शब्द लहान मुलाचे आहेत. अडचण अशी की त्याला ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांतला फरक कळत नाही. कुंपणाच्या खिळ्यात कपडा अडकला की तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्याच कुंपणापाशी जातो, आणि गेल्याचे सांगत नाही. पलीकडे गोल्फ खेळणाऱ्यांनी आपल्या पोऱ्याला हाक मारली की तो रडू लागतो. का रडतो, ते आपल्याला बऱ्याच उशिरा उमगते, कारण ‘कॅडी’ ही हाक त्याच्या दुरावलेल्या बहिणीच्या, कॅडीच्या, नावासारखी ऐकू येते.

आता येथे वाचकाने काय करावे? बेंजीला सांभाळायला कोण आहे, इकडे लक्ष ठेवावे. वर्श बरोबर असेल तर तो प्रसंग लहानपणचा आहे, टी. पी. असेल तर पौगंडावस्थेतला आणि लस्टर असेल तर १९२८ सालच्या चालू दिवसाचा. तिरप्या टाइपातला मजकूर काळ बदलल्याची सूचना देतो, परंतु प्रत्येक वेळी देईलच असे नाही, म्हणून निव्वळ त्याच्यावर विसंबू नये. क्वेंटिन हे नाव दोघांचे आहे: एक बेंजीचा भाऊ (वर आलेला क्वेंटिन कॉम्पसन तोच), दुसरी कॅडीची मुलगी. सर्वनाम पुल्लिंगी आहे की स्त्रीलिंगी, एवढ्यावर दोन पिढ्यांचा उलगडा होतो. फॉकनरची इच्छा हे निरनिराळे काळ वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापावेत अशी होती. त्या काळी ते जमले नाही, आणि २०१२ साली फोलिओ सोसायटीने चौदा रंगांत तशी आवृत्ती काढली. ती आवृत्ती सुंदर आहे, यात वाद नाही. पण पहिल्या वाचनासाठी मी तिची शिफारस करणार नाही. रंगांनी काळ लावून दिले, की बेंजीचे जग आपल्याला फार लवकर शहाणे वाटू लागते.

याचे कारण असे. आजी वारली त्या दिवशी मुलांना घराबाहेर ठेवले होते. आत काय चालले आहे हे पाहण्यासाठी कॅडी झाडावर चढली आणि खाली उभ्या असलेल्या भावांना तिची चिखलाने माखलेली चड्डी दिसली. फॉकनरने सांगितले आहे की सगळी कादंबरी या एका चित्रातून निघाली. बेंजीच्या प्रकरणात हे चित्र तुकड्यातुकड्यांनी येते, मध्ये इतर वर्षांचे तुकडे घुसतात, आणि पहिल्या वाचनात ते इतर पन्नास गोष्टींसारखेच निघून जाते. पुढे कॅडीचे काय झाले हे क्वेंटिनच्या आणि जेसन या तिसऱ्या भावाच्या प्रकरणांतून कळते. मग आपण मागे येतो, आणि वर चढणारी ती धीट मुलगी व खालून पाहणारे भाऊ यांत त्या तिघांचे सगळे पुढचे आयुष्य आधीच दिसत होते, हे ध्यानात येते. बेंजीने आपल्याला सगळे सांगितले होते. ऐकायला लागणारी समज मात्र पुस्तक वाचूनच येते, आणि तोवर ते प्रकरण मागे पडलेले असते.

फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र यांनी १९३९ साली या कादंबरीवर लिहिताना म्हटले होते की फॉकनरची माणसे उघड्या मोटारीत पाठमोरी बसल्यासारखी जगाकडे पाहतात. त्यांना पुढचे दिसत नाही, मागे पडलेलेच काय ते स्पष्ट दिसते. मला वाटते, त्याच्या वाचकालाही त्याच आसनावर बसावे लागते.

समासातला वाचक:

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. कोड्याच्या आनंदाविषयीची माझी शंका बरीचशी मिटली. कोडे सुटल्यावर आपण त्याच्याकडे पुन्हा पाहत नाही, आणि या पुस्तकांकडे तर सुटल्यावरच खऱ्या अर्थाने परतावेसे वाटते. मित्राला ‘अ‍ॅज आय ले डाइंग’ देणार आहे. एक व्यवहारी शंका उरली आहे: ‘अ‍ॅब्सलम’च्या शेवटी फॉकनरने स्वतः कालपट, वंशावळ आणि योक्नापटॉफा या त्याच्या काल्पनिक परगण्याचा नकाशा जोडला आहे. तो कालपट आधी पाहून घेतला तर नवख्या वाचकाचे काम सोपे होईल का?

ओळीओळींतून:

काम सोपे होईल, पण दोन कारणांनी तसे करू नये. एक तर श्रीव्ह आणि क्वेंटिन ज्या निष्कर्षापर्यंत धडपडत पोहोचतात, त्यातला काही भाग वंशावळीत अगदी कोरडेपणाने मांडून ठेवला आहे. दुसरे म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या कालपटातले काही तपशील कादंबरीच्या मजकुराशी जुळतच नाहीत. पुढे १९८६च्या शुद्ध पाठात त्यांत दुरुस्त्या करण्यात आल्या. तीच गोष्ट ‘द साउंड अँड द फ्युरी’च्या परिशिष्टाची. ते मूळ कादंबरीबरोबरचे नाही. चाळिशीच्या दशकाच्या मध्यावर फॉकनरची बहुतेक पुस्तके बाजारात मिळेनाशी झाली होती; तेव्हा समीक्षक मॅल्कम कौली यांनी १९४६ साली त्याच्या लेखनाचा जो निवडक संग्रह काढला, त्यासाठी त्याने ते नव्याने लिहिले. कादंबरीत कॅडीची मुलगी झाडावरून उतरून पळून जाते, परिशिष्टात ती पन्हळीवरून उतरते. म्हणून मित्राने पहिल्या वाचनात मागची पाने उघडू नयेत. दुसऱ्या वाचनात जरूर उघडावीत, आणि लेखक स्वतःही आपल्या माणसांविषयी बोलणारा आणखी एक निवेदक आहे असे धरून ती बाकीच्या जबान्यांशी ताडून पाहावीत.

कोरा कागद:

नकाशा मात्र आधी पाहायला हरकत नाही. त्यावर त्याने ‘एकमेव मालक’ म्हणून स्वतःचे नाव घातले आहे.